मानमोडी

"बगळं बघाय आलाय? ठाण्यास्नं?"

नंदगडच्या चहाच्या टपरीवरच्या मामांनी असं विचारलं तेव्हा बाकावरच्या तिघाचौघांनी माना वळवल्या. इथं लोक येतात ते संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीला. कुणी पुढं हलशीचं कदंबांच्या काळातलं देऊळ बघायला जातात. बगळे बघायला आलेला मी बहुधा पहिलाच असेन.

"तुमच्या ठाण्यात न्हाईत व्हय बगळं?"

आहेत. खरं म्हणजे ठाण्यातल्या बगळ्यांमुळंच मी इथं आलो होतो, पण चहाच्या एका कपात ते सांगून झालं नसतं.

जानेवारी २०२१. टाळेबंदीतून जग नुकतं बाहेर पडत होतं, लसीची वाट पाहणं चालू होतं. आणि अचानक ठाण्यात ढोकरी मरून पडायला लागल्या. ढोकरी म्हणजे तो मातकट बगळा. बसला की चिखलाचं ढेकूळ वाटतो आणि उडाला की पांढरे पंख उघडून आपल्याला फसवतो, म्हणून पुस्तकात त्याला वंचक म्हणतात. त्याच सुमारास परभणीजवळच्या मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. दापोली आणि बीडकडून मेलेल्या कावळ्यांच्या बातम्या येत होत्या. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई, ठाणे, दापोली, परभणी, बीड इथल्या नमुन्यांत बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं. त्यानंतर महिनाभर वर्तमानपत्रांत रोज कोंबड्यांचे आकडे होते, अंड्यांचे भाव होते, चिकन किती वेळ शिजवावं याचे सल्ले होते. बगळ्यांचा मात्र पुन्हा उल्लेख नव्हता. किती मेले, कुठल्या झाडावरचे, त्या झाडावर पुढच्या पावसाळ्यात किती घरटी झाली, काहीच नाही. मी शोधलं आणि मग शोधायची सवयच लागली.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. म्हणून यंदा जानेवारीत ठरवलं, की आपल्या माहितीतल्या मुलखात, जिथं साथ आलेली नाही अशा ठिकाणी, हिवाळ्यात बगळे कसे राहतात ते नीट बघायचं. निरोगी माणूस पाहिलेलाच नसेल तर आजारी कसा ओळखणार?

बेळगावहून खानापूरला सकाळच्या गाडीने आलो. खानापूरला उतरलं की आधी मलप्रभा दिसते. कणकुंबीला उगम पावून इतक्या लवकर तिने चांगलं अंग धरलेलं असतं. मग विटांच्या भट्ट्या आणि कौलांचे ढीग. इथली माती कौलांना चांगली, त्यामुळे माती काढून झालेले खड्डे जागोजाग, त्यांत पाणी आणि पाण्याच्या कडेला हमखास एकेक ढोकरी, आपल्या मालकीची जागा असल्यासारखी. लाल बसने नंदगडपर्यंतच्या दहा-बारा किलोमीटरांत अशा सतरा मोजल्या. भातकापणी होऊन गेली होती. खाचरांत मसुराची हिरवी पोपटी पाती वर आलेली, म्हशींच्या पायांत गायबगळे. कंडक्टरने कन्नडमध्ये शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं, तिने मराठीत उत्तर दिलं. दोघांचंही समाधान झालं. गायबगळ्याला इथं कन्नडमध्ये बेळ्ळक्की म्हणतात, पांढरा पक्षी.

तर मामा. त्यांना मी बर्ड फ्लू म्हटलं तेव्हा त्यांनी हात उडवला. कन्नड बोर्डावरचं 'हक्की ज्वर' त्यांनी वाचलं होतं, तेही त्यांना पटलं नव्हतं. "नवीन काय न्हवं ते ओ. मानमोडी. कोंबडं मान वाकडी करतंय, गरागरा फिरतंय, पडतंय. आमच्या घरात एका रात्रीत अठ्ठावीस गेल्या. खरं तेव्हा असा दंगा न्हवता."

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. कोंबड्यांच्या ज्या रोगाला खेड्यात मानमोडी म्हणतात तो राणीखेत. त्याची लस असते, पिलांना लासोटा देतात, आणि त्याचा विषाणू वेगळ्याच कुळातला. पण मान पिळवटणं, तोल जाणं, गोल गोल फिरणं ही लक्षणं बर्ड फ्लूतही दिसतात, कारण तोही मेंदूवर जातो. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करता येत नाही. डॉक्टरलाही प्रयोगशाळा लागते. आणि या शब्दाचा आणखी एक पदर आहे. माझी पणजी ज्या साथीत गेली तिलाही घरात मानमोडीच म्हणत. १९१८ चा इन्फ्लुएन्झा. आपल्याकडं त्या साथीला मिळालेलं नाव तेच, आणि तो विषाणूही मुळात पक्ष्यांच्या फ्लूशी नातं सांगणारा. शास्त्रज्ञांना हे कळायला पाऊणशे वर्षं लागली. गावांनी नाव ठेवताना काही शोध लावला होता असं मी म्हणत नाही, तो योगायोग. पण योगायोगही कधीकधी जागेवर बसतात.

चहा झाल्यावर रायण्णाच्या समाधीकडे गेलो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा हा सरदार. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्याला इथं फाशी दिलं. समाधीवर त्याच्या एका साथीदाराने वडाचं रोप लावलं अशी आख्यायिका आहे, आणि आता त्या वडाचा विस्तार असा, की सावलीत अख्खी वरात बसावी. पहिल्यांदा मी वर पाहिलं. घरटी नव्हती. जानेवारीत नसणारच, बगळ्यांची घरटी पावसाळ्यातली. पण घरट्यांचा हंगाम नसतानाही बगळे एकटे झोपत नाहीत. दिवसभर एकेकटे उभे असलेले पक्षी संध्याकाळी एकाच झाडावर गोळा होतात. त्याला रातथारा म्हणतात. आणि पावसाळ्यात एकत्र घरटी करतात त्या झाडाला सारंगागार. मारुती चितमपल्लींमुळं मराठीत रुळलेला हा शब्द मला 'बगळ्यांची वसाहत' यापेक्षा कितीतरी जास्त आवडतो. त्यात घराचा आवाज आहे.

आता या सारंगागाराची रचना बघा, कारण रोगाची सगळी गोष्ट तिच्यातच आहे. ते म्हणजे एक चाळ असते. एका चिंचेवर किंवा वडावर गायबगळे, ढोकऱ्या, रातबगळे, पाणकावळे यांची घरटी एकमेकांच्या चोचीच्या अंतरावर. वरच्या मजल्याची शीट खालच्या मजल्यावर. पिलांना आई-बाप पोटातलं अन्न ओकून भरवतात, एका चोचीतून दुसऱ्या चोचीत. एखादं पिलू खाली पडलं की कावळा टपलेलाच. हे सगळं एरवी फायद्याचं असतं. घार आली तर शंभर डोळ्यांपैकी एकाला तरी दिसते, आणि चारा कुठं आहे हे शेजारी पाहून कळतं. पण फ्लूचा विषाणू लाळेतून आणि विष्ठेतून बाहेर पडतो, आणि थंड पाण्यात काही आठवडे टिकू शकतो. त्याच्यासाठी अशी चाळ म्हणजे आयतं घर. बदकांच्या कित्येक जाती विषाणू पोटात बाळगून आजारी न पडता फिरतात. बगळे, करकोचे, झोळीवाले म्हणजे पेलिकन, कुररी यांना ती सोय नाही.

हे काही तर्काने मांडलेलं नाही. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक कुररी पक्षी मेले, जंगली पक्ष्यांतला हा या रोगाचा पहिला नोंदलेला उद्रेक. पण तेव्हा तो तेवढ्यावर थांबला. आजचा विषाणू वेगळ्या घराण्यातला आहे आणि त्याचा जन्म रानात झालेला नाही. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांत तो पहिल्यांदा सापडला. रानबदकांत सौम्य असणारे विषाणू दाटीवाटीच्या पोल्ट्रीत शिरले की तिथं तीव्र होतात आणि मग तोच तीव्र अवतार पुन्हा रानात जातो. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर सहा हजारांहून अधिक पक्षी मेले, त्यांत सर्वांत जास्त पट्टकादंब हंस. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००६ मध्ये, भारतातला पहिला उद्रेक आपल्या नवापुरात झाला. लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. नवापूरच्या बातम्यांत 'स्थलांतरित पक्ष्यांनी आणला' हे वाक्य इतक्या सहजपणे येई, की जणू ते पंचनाम्यात लिहून आणलं असावं. पक्षी विषाणू नेतात हे खरंच आहे. पण पोल्ट्रीचे ट्रक, खुराडी, अंड्यांचे ट्रे आणि माणसांचे बूटही नेतात. त्यांच्यावर मात्र आरोप ठेवताना आपण पुरावा मागतो.

समाधीवरून निघून गावाबाहेरच्या एका तळ्याकडं गेलो. तिथं बांधाखाली एक ढोकरी मरून पडली होती.

एकच. पाय आखडलेले, मान मागं पाठीवर वळलेली. सावलीत असल्यामुळं अजून ताजी. तिच्यापाशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा हातात काठी घेऊन उभा होता, आणि काठीने तिला उलटं करायच्या बेतात होता. मी ओरडलोच. तो दचकला. "हात नको लावू रे, आणि काठीपण नको." "का? चावतंय?" "चावत नाही. आजारी असलं तर आपल्याला लागतं." त्याने काठी पाठीमागं लपवली, टाकली मात्र नाही.

एक मेलेला पक्षी म्हणजे साथ नव्हे हे मला माहीत होतं. विजेची तार, शेतातलं औषध, म्हातारपण, काहीही असेल. वळलेली मानसुद्धा काही सिद्ध करत नाही. मेल्यावर बगळ्याची मान तशीही पडते. २०१७ च्या अखेरीस मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेळ्ळूरला झोळीवाले एकामागून एक मरू लागले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी बर्ड फ्लूच होता. शवविच्छेदनात पोटातून निघाले ते जंत. त्या गावात पक्षी लोकांच्या परसातल्या चिंचांवर घरटी करतात, गावकरी त्यांना लेकीबाळींसारखं मानतात, म्हणूनच मेलेला प्रत्येक पक्षी कुणीतरी पाहिला आणि त्याची तपासणी झाली. उलट त्याच वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी २०१७ मध्ये, म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात झोळीवाले आणि हंस मेले ते खरोखर बर्ड फ्लूच्या एच५एन८ प्रकाराने. संग्रहालय महिनाभर बंद राहिलं. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली आणि ग्वाल्हेरच्या प्राणिसंग्रहालयांत चित्रबलाक करकोचे याच विषाणूने गेले. म्हणजे पिंजऱ्यातला चित्रबलाक मेला तर कळतं, कारण सकाळी त्याला मासे टाकणारा माणूस असतो.

मी फोन केला. कुठल्या खात्याला ते सांगत नाही, कारण दोष त्या खात्याचा नाही, रचनेचा आहे. पलीकडच्या माणसाने विचारलं, "किती कोंबड्या?" मी म्हटलं, कोंबड्या नाहीत, बगळा आहे, एक. "मग ते फॉरेस्टवाल्यांकडं." फॉरेस्टवाल्यांनी विनयाने सांगितलं, की रोगाचं असेल तर जनावरांच्या दवाखान्याकडं. दवाखान्यातल्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं, जागा लिहून घेतली, "वरून फोन येईल" म्हणाल्या.

या उत्तरामागं एक सरळ हिशेब आहे. कोंबडीला मालक असतो. उद्रेक झाला की एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारतात, दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवतात, मालकाला भरपाई देतात, म्हणून पंचनामा होतो आणि आकडा तयार होतो. बगळ्याला मालक नाही, म्हणून आकडाही नाही. कावळ्याचं थोडं वेगळं आहे. तो आपल्या अंगणात मरतो, आणि दहाव्याला त्याची गरज पडते, त्यामुळं त्याचं मरण डोळ्यांत भरतं. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला पन्नासच्या वर कावळे मेले तेव्हा सबंध शहर माना वर करून झाडं बघत होतं. बगळा शहरात राहतो, पण त्याच्यावाचून आपलं काही अडत नाही. अडतं ते एवढंच, की त्याच्या झाडाखाली गाडी लावता येत नाही.

मुलाला मी विचारलं, असे आणखी पडलेत का कुठं? त्याने विचार केला, प्रामाणिकपणे, आणि "न्हाई" म्हणाला. "पर आता बघतो रोज." मग आम्ही दोघांनी मिळून बांधाला एक फेरी घातली. दुसरा मेलेला पक्षी सापडला नाही. तळ्यावर चौदा ढोकऱ्या, तीन पाणकावळे, एक खंड्या, सगळे धडधाकट. त्याने मला शिकवलं, की ढोकरी उडायच्या आधी मान आत ओढते आणि मग एकदम लांब करते, "मान काढली की दगड मारून उपयोग न्हाई, गेलीच ती." शिकारीचं ज्ञान आहे, पण निरोगी ढोकरी कशी असते याचं यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही.

दुपारी खानापूर स्टेशनवरून मिरजेच्या बाजूची गाडी पकडली. बेळगाव मागं गेलं, पुढं पाच्छापूर, गोकाक रोड. घटप्रभेला उतरायचं होतं, धुपदाळच्या बंधाऱ्यावर. खिडकीतून रान हळूहळू कोरडं होत जातं. खानापूरचा ओलावा संपतो, काळी जमीन, ऊस, बाभळी. गाडीत बसल्या बसल्या मला एक गोष्ट सुचली आणि ती अजून डोक्यातून जात नाही.

आपल्याकडं विषाणूचा हंगाम आहे हिवाळा, म्हणजे उत्तरेकडून पाहुणे येतात तो काळ. डिसेंबर २०२० च्या अखेरीस हिमाचलच्या पोंग जलाशयावर पट्टकादंब मरू लागले आणि महिन्याभरात साडेचार हजारांवर पक्षी गेले, तोही हिवाळाच. आणि आपल्या ढोकऱ्या, गायबगळे, रातबगळे यांची सारंगागारं भरतात जून ते सप्टेंबर. म्हणजे विषाणू येतो तेव्हा चाळ रिकामी असते आणि चाळ भरते तेव्हा पाहुणे गेलेले असतात, वर ऊन आणि पाऊस. कदाचित यामुळेच नंदगडच्या खाचरांत बगळे आहेत. पण चित्रबलाक आणि झोळीवाले यांचं गणित उलटं. कोक्करे बेळ्ळूरला दोघांची आणि इंदापूर-भादलवाडीकडं चित्रबलाकांची घरटी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतात, ऐन धोक्याच्या दिवसांत, भरल्या घरात.

आणि हंगामावर विसंबून राहणं किती महागात पडतं ते युरोपाने दाखवलं. तिथंही हा हिवाळ्याचा रोग होता. २०२२ मध्ये तो उन्हाळ्यात समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत शिरला. ग्रीसच्या मिक्री प्रेस्पा सरोवरावर डाल्मेशियन झोळीवाल्यांची जगातली सर्वांत मोठी वसाहत. त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या आधीच, हिवाळा सरता सरता काही आठवड्यांत तिथं सतराशेच्या वर पक्षी मेले. आग्नेय युरोपातली या जातीची साधारण चाळीस टक्के संख्या त्या एका वर्षात गेली. नेदरलँड्समध्ये सँडविच कुररींचे सुमारे आठ हजार प्रौढ पक्षी मेलेले सापडले. स्कॉटलंडच्या बास रॉकवर वाचलेल्या गॅनेट पक्ष्यांचे निळसर डोळे काळे पडले, रोग होऊन गेल्याची खूण म्हणून. डच लोकांनी एका वसाहतीतून मेलेले पक्षी रोजच्या रोज उचलले, आणि तिथली मरणं कमी दिसली. घरट्यांत माणसं शिरली तर पक्षी उठतील, दुसरीकडं जातील, रोग घेऊन जातील, हा आक्षेप होताच. तरी ते शिरले. ढोकरीपाशी काठी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला हटकताना मला हेच आठवलं होतं: प्रेत उचलायला हवं, पण उचलणारा हातमोजे घातलेला हवा, आणि तो कोण हे आधी ठरलेलं हवं.

धुपदाळला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. घटप्रभेवरचा हा ब्रिटिशकालीन बंधारा. खाली गोकाकचा धबधबा आणि सूतगिरणी, वर पसरलेलं उथळ पाणी, मधे बेटं, कडेला बाभळी. हा सगळा भाग पक्षी अभयारण्य आहे. युरोपातून पांढरे करकोचे इथवर येतात, मध्य आशियातून कांड्या करकोचे. माझा रिक्षावाला म्हणाला, कांडे आले की शेतकरी हरभऱ्याची राखण वाढवतात. मला इस्राएलच्या हुला खोऱ्याची आठवण झाली. तिथं हिवाळ्यातल्या क्रौंचांनी शेतातलं पीक खाऊ नये म्हणून त्यांना एका जागी मका टाकून गोळा करतात. डिसेंबर २०२१ मध्ये बर्ड फ्लू आला आणि पाच हजारांहून अधिक क्रौंच त्या एका जागी मेले. शेतकऱ्याचंही नुकसान नको आणि पक्ष्याचंही नको, या चांगल्या हेतूने जमवलेली ती गर्दी होती. सेनेगलच्या जुज अभयारण्यात साडेसातशे झोळीवाले मेले तेही त्याच वर्षी. तिथं चारा टाकणारं कोणी नव्हतं.

बंधाऱ्यावर बसून मी मोजायला लागलो. मोजायची माझी पद्धत साधी आहे: डाव्या कडेपासून सुरुवात, एका बेटावरचे दहा-दहा, वहीत उभी रेघ. मोजताना बघायचं ते एवढंच, की कोणी मान पाडून बसलंय का, कोणी पाण्यात गोल फिरतंय का, कुणाचा पंख लोंबतोय का. पाणकावळे पंख पसरून वाळत होते. ते नेहमी आजारीच दिसतात, त्यांना सवलत. चित्रबलाक एका पायावर. समोरच्या बाभळींवर गायबगळे उतरू लागले, एक थवा, मग दुसरा, फांद्या पांढऱ्या होत गेल्या. रातथारा. दिवसभर कुठं कुठं उभे असलेले सगळे आता एका जागी, खांद्याला खांदा.

फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईंनी सांगितलेला 'वरचा' फोन खरंच आला होता.

"तुमच्या कोंबड्या मेल्यात म्हणून निरोप होता."

"कोंबड्या नाही. बगळा. नंदगडला, तळ्याच्या बांधाखाली."

"कोंबड्या किती?"

"एकही नाही."

"मग ठीक आहे," तो मनापासून म्हणाला, आणि फोन ठेवला.

मोजणी कुठवर आली होती ते मी विसरलो होतो. वहीचं पान उलटलं आणि डाव्या कडेपासून पुन्हा सुरू केली.